आईचे खाणे जवळजवळ थांबले आहे. नाकातून नळी घालावी का?

सांजवात (पुणे)

माझी आई ८६ वर्षांची आहे आणि गेली आठ वर्षे तिला स्मृतिभ्रंश आहे. दीड वर्षापासून ती अंथरुणाला खिळली आहे. आम्हांला ओळखत नाही, बोलणे तर बंदच झाले आहे. गेल्या तीन आठवड्यांपासून ती घास गालात धरून ठेवते, आणि पेज भरवली तरी तिला ठसका लागतो. मागच्या महिन्यात न्यूमोनियामुळे सहा दिवस रुग्णालयात ठेवावे लागले, तेव्हा घरी सोडताना तेथील डॉक्टरांनी रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घालण्याचा सल्ला दिला. आमचे नेहमीचे डॉक्टर मात्र म्हणतात की घाई करू नका. माझा भाऊ न्यू जर्सीला असतो आणि फोनवर एकच प्रश्न विचारतो, "आईला उपाशी ठेवणार का?" त्यावर मला उत्तर सुचत नाही. घरात मी आणि दिवसपाळीला ब्युरोकडून येणाऱ्या बाई, एवढ्याच आहोत. नळीने आई अधिक जगेल का, निदान सुखात राहील का, आणि नळी घातली नाही तर तिला भुकेच्या यातना होतील का, हे ज्यांनी अनुभवले आहे किंवा जे या क्षेत्रात आहेत त्यांनी कृपया सांगावे.

कृष्णाकाठ

माझ्या सासऱ्यांना याच अवस्थेत नळी घातली होती. दुसऱ्याच रात्री त्यांनी ती उपसून काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. तिसऱ्या खेपेस त्यांचे हात मऊ कापडाने पलंगाच्या कठड्याला बांधावे लागले. सासूबाई दुपारी त्या गाठी सोडून त्यांचा हात हातात घेऊन बसत आणि स्वयंपाकघरात जायची वेळ झाली की स्वतःच पुन्हा गाठ मारत. ते चार महिने जगले, आणि त्या चार महिन्यांत नळी असूनही दोनदा न्यूमोनिया झाला. आमचा निर्णय चुकला असे मी आजही ठामपणे म्हणू शकत नाही. पण हात बांधावे लागतील हे आम्हांला आधी कोणी सांगितले असते, तर आम्ही एकदा तरी थांबून विचार केला असता.

वैद्य_नव्हे_डॉक्टर

ताई, मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात रुग्णाचा त्रास कमी करण्याच्या क्षेत्रात काम करते. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय तुमच्या आईंविषयी निर्णय देणे योग्य नाही, पण काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतात. पक्षाघातानंतर गिळण्याची शक्ती परत येण्याची आशा असते, तेव्हा नळी उपयोगी पडते. स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या टप्प्यात गिळण्याची क्रियाच मेंदू विसरत जातो, आणि तेथे नळीने आयुष्य वाढते असे आजवर दिसून आलेले नाही. नळीने न्यूमोनियाही टळत नाही, कारण तोंडातील लाळ आणि पोटातून वर आलेले अन्न श्वासनलिकेत जातच राहते. अमेरिकन जेरिॲट्रिक्स सोसायटीने २०१४ मध्ये अशा रुग्णांना नळीऐवजी हाताने, जपून भरवावे अशीच शिफारस केली. तुमचे बंधू तिकडे आहेत, त्यांना तेथील कोणत्याही वृद्धरोगतज्ज्ञाला विचारता येईल.

मात्र "आता शेवटच आला" असे मानण्याआधी दुरुस्त होण्याजोगी कारणे तपासून घ्या. तोंड आले आहे का, जिभेवर बुरशीचा पांढरा थर आहे का, कवळी सैल झाली आहे का, चार-पाच दिवस शौचाला झालेले नाही का, एखाद्या नव्या गोळीने गुंगी येते का? कधीकधी एवढ्यानेच खाणे पुन्हा सुरू होते.

भरवताना त्या पूर्ण जाग्या असाव्यात. पाठीला उशा लावून त्यांना ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली असू द्या, आणि चहाच्या लहान चमच्याने अर्धा चमचाच द्या. गळ्याची हालचाल दिसेपर्यंत दुसरा चमचा पुढे करू नका. ठसका बहुधा पाण्याने आणि चहाने लागतो, म्हणून दाट पेज, नाचणीचे सत्त्व, मऊ कालवलेला वरणभात किंवा घट्ट दही द्यावे. खाणे झाल्यावर गालात काही उरले नाही ना ते पाहा, अर्धा तास आडवे करू नका, आणि दिवसातून दोनदा तोंड आतून पुसून स्वच्छ करा. त्यांनी तोंड मिटले की थांबायचे.

भुकेविषयी. शरीर मंदावत जाते तशी भूकही ओसरते. या अवस्थेत खरा त्रास बहुधा कोरड्या तोंडाचा असतो. ओल्या गॉजने ओठ आणि जीभ वारंवार ओली करावी, ओठांना साजूक तूप लावावे. शेवटच्या दिवसांत नातेवाईक प्रेमाने तोंडात पाणी ओततात, तेही टाळावे. गंगाजल द्यायचेच असेल तर तुळशीच्या पानाने एक थेंब ओठांना लावला तरी पुरे.

नाना_साताराकर

बंधूंना शक्य असेल तर आठवडाभर येऊन त्यांनी स्वतः भरवून पाहावे. माझा मुलगाही परदेशी असतो, म्हणून रागाने लिहीत नाही. दूर असलेल्या माणसाला घास गालात राहिलेला दिसत नाही.

वकिली_चष्मा

कागदपत्रांचे थोडेसे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला (पुढे भान नसेल तेव्हा कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला) मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली; आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते. आपल्या आईंना ते आता करता येणार नाही, कारण करणारी व्यक्ती भानावर असावी लागते. (आपण स्वतःचे मात्र जरूर करावे.) तेव्हा भावंडांनी एकत्र बसून डॉक्टरांशी जे ठरवले असेल, ते डॉक्टरांकडून केसपेपरवर तारखेसह लिहून घ्यावे. आणि नेहमीच्या डॉक्टरांना अधूनमधून घरी बोलावत राहा. घरी मृत्यू झाल्यास कारणाचा वैद्यकीय दाखला शेवटच्या आजारात उपचार करणारे डॉक्टर देतात. तो हाताशी नसेल तर ऐन वेळी स्मशानभूमीवर धावपळ होते. मृत्यूची नोंदणी २१ दिवसांत करायची असते.

सांजवात (पुणे)

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल रात्री डॉक्टरांना व्हिडिओ कॉलवर जोडून दादाशी बोलणे झाले. त्याने हात बांधण्याविषयी दोनदा विचारले आणि मग बराच वेळ तो काहीच बोलला नाही. तूर्त नळी घालायची नाही असे ठरले आहे. तो पुढच्या महिन्याचे तिकीट पाहतो आहे. आईच्या जिभेवर पांढरा थर खरोखरच निघाला, त्यासाठी औषध सुरू केले आहे. आज सकाळी तिने नाचणीच्या सत्त्वाचे सहा अर्धे चमचे घेतले. सातव्याला तोंड मिटले, तेव्हा बाईंनी वाटी बाजूला ठेवली आणि तिचे ओठ पुसले.