पगार आमचा कापला, पॅकेज साहेबांचं वाढलं

होटगीरोडकर: पुण्यात विमान कंपनीत ग्राउंड स्टाफ आहे. कंपनीचं नाव नको. २०२० ला कोविडात पगार २५ टक्के कापला, ‘तात्पुरता’ म्हणून. मग कंपनी दुसरीत विलीन झाली, १४ वर्षांची सिनिऑरिटी गेली. मीच बोर्डिंग गेट शिकवलेलं पोरगं आता माझा सुपरवायझर. परवा कळलं, वरच्या साहेबांचं पॅकेज वाढलंय. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं घरी येताना डोळ्याला डोळा लागला नाही. हे असंच चालतं का?

जुना_सीए: कंपनी शेअर बाजारात असेल तर वार्षिक अहवाल उघडा. कंपनी कायदा २०१३, कलम १९७. प्रत्येक संचालकाचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या (सगळे पगार क्रमानं लावले तर बरोबर मधोमध येणाऱ्याच्या) किती पट, ते छापावंच लागतं. तो आकडा बघा, मग भांडा.

गिरणीवाल्याचा_पोरगा: आमच्या बापाला मिल बंद पडल्यावर ग्रॅच्युइटीसाठी वर्षानुवर्षं हेलपाटे. मॅनेजरचा बंगला मात्र तसाच. तुला निदान पगार तरी येतोय की बे!

रनवे०३: अमेरिकन एअरलाइन्सचं २००३ चं वाचा. युनियन कपातीला तयार झाल्या, अन् नंतर बाहेर आलं की वरच्यांना थांबून राहण्यासाठी बोनस ठरलेत. एवढा बोभाटा झाला की प्रमुख डॉन कार्टींना एप्रिलमध्येच राजीनामा द्यावा लागला. तिथं युनियन जागी होती. तुमच्याकडं आहे का?

होटगीरोडकर: आहे, पण अध्यक्षच प्रमोशन घेऊन बसलाय. अहवाल डाउनलोड करतोय, ३०० पानं हायत.