कचरागाडीचा संच: पडद्यावर पक्का, हातात घेतला की सुटतो

फिरती_चाकं

सहा वर्षांच्या मुलासाठी लेगो ठोकळ्यांची कचरागाडी स्टुडिओ सॉफ्टवेअरमध्ये तयार केली आहे. एकूण ३४० भाग. चासी (गाडीचा खालचा सांगाडा) ६ स्टड (ठोकळ्यावरचे गोल उंचवटे) रुंद आणि १६ लांब, वरचा हौदा ८ रुंद, मागे उलटणारा. मिळतील त्या रंगांत एक कच्ची गाडी जोडून पाहिली, तेव्हा या अडचणी आल्या:

१. केबिन धरून उचललं की चासी मधोमध वाकते आणि सुटते. खाली ६×८ च्या दोन प्लेटी (ठोकळ्याच्या एक तृतीयांश उंचीचे पातळ भाग) एकापुढे एक आहेत, सांध्यावर एक २×४ प्लेट.

२. चासीच्या दोन्ही कडांना भोकांचे १×१६ टेक्निक ठोकळे आहेत. हौद्याच्या तळाला आतून १×२ चे भोकाचे दोन ठोकळे लटकवले आहेत. शेवटच्या भोकातून दोन्हीकडे पिन. हौदा जरासा उचलला की अडतो, जोर दिला की बिजागरीचे ठोकळे तळातून निसटतात. सॉफ्टवेअर मात्र कुठेच टक्कर दाखवत नाही.

३. हौद्याच्या बाजूला मुलाच्या नावाची पाटी आडवी बसवली आहे. तिच्यासाठी दोन ठोकळे उंचीची जागा सोडली, तरी वर आणि खाली बारीक फट राहते.

४. सूचनापुस्तिकेत एका पायरीला किती भाग ठेवावेत?

---

अर्धी_प्लेट

पहिल्या दोन अडचणी एकत्रच सोडवा, कारण दोन्हींचं उत्तर चासीत आहे.

टक्कर दिसली नाही म्हणजे पकड पुरेशी आहे असं नाही. सांध्यावर एकच २×४ म्हणजे प्रत्येक बाजूला फक्त चार स्टडची पकड, आणि सगळं वजन तिथेच येतं. खाली सांधा नकोच. ६×१४ ची एकसंध प्लेट (लेगोचा भाग क्रमांक ३४५६) घ्या, वर कडांना तुमचे १×१६ ठोकळे (३७०३) आहेतच. १६ ऐवजी १४ मुद्दाम म्हणतोय, मागचे दोन स्टड रिकामे हवेत.

का ते सांगतो. टेक्निक ठोकळ्याचं भोक बरोबर मध्यात नसतं, वरच्या पृष्ठापासून ४ मिमी आणि तळापासून ५.६ मिमी असतं. १×२ ठोकळा त्या भोकाभोवती फिरला की त्याचा खालचा मागचा कोपरा भोकापासून सुमारे ९.८ मिमी अंतरावरून फिरतो, म्हणजे स्वतःच्या तळापेक्षा ४.२ मिमी खाली उतरतो. तुमच्याकडे बरोबर त्याच जागी प्लेट आहे. ठोकळा तिच्यावर आपटतो, पुढे सरकायला वाट नसते, मग वरच्या दोन स्टडची पकड सुटते.

दुसरी टक्कर वर आहे, ती पटकन दिसत नाही. चासीच्या ठोकळ्याचं मागचं टोक पिनेच्या ८ मिमी मागे जातं. त्याचा वरचा कोपरा पिनेपासून सुमारे ८.९ मिमी आहे आणि हौद्याचा तळ पिनेपासून फक्त ४ मिमी वर. हौदा उलटताना तळ त्या कोपऱ्यावर बसणारच. बिजागरीचा ठोकळा आणि हौद्याचा तळ यांच्यात १×२ च्या दोन प्लेटी घाला. तळ १०.४ मिमीवर जाईल आणि कोपरा सुखरूप सुटेल. चासीच्या त्या टोकावर टाइल (बिनस्टडची गुळगुळीत प्लेट) मात्र लावू नका, ३.२ मिमी वाढले की कोपरा पुन्हा १०.८ मिमीवर येतो. उघडे स्टड चालतात. हौद्याच्या पुढच्या टोकाला चासीवर एक प्लेट आणि तिच्यावर एक टाइल ठेवा, म्हणजे हौदा सपाट टेकेल.

स्टुडिओत टक्कर दिसली नाही कारण मॉडेल सपाट स्थितीतच तपासलं गेलं. हौदा १५, ३० आणि ६० अंशांवर फिरवून प्रत्येक वेळी बघा.

हौद्याला घर्षणाची काळी पिन योग्य, उलटलेला हौदा हात सोडल्यावरही थांबतो. तीच पिन चाकाला वापरली तर चाक फिरायचं नाही, घसपटत जाईल. चाकाला बिनघर्षणाची फिकट करडी.

---

सांधेजोड

पाटीची फट ही मोजमापाची गंमत आहे. स्टडमधलं अंतर ८ मिमी, ठोकळ्याची उंची ९.६, प्लेटची ३.२. उभी मापं ३.२ च्या पटीत चालतात, आडवी ८ च्या. दोन्ही पहिल्यांदा जुळतात ती १६ मिमीवर: दोन स्टड म्हणजे पाच प्लेटी.

तुमची पाटी दोन स्टड, म्हणजे १६ मिमी. जागा दोन ठोकळे, म्हणजे १९.२. उरले ३.२. ते वर १.६ आणि खाली १.६ असे विभागले गेले, कारण बाजूला स्टड असलेला ठोकळा तुम्ही खाली ठेवलाय. त्याचा बाजूचा स्टड तळापासून ५.६ मिमीवर असतो, त्यामुळे पाटीची खालची कड १.६ मिमीवर सुरू होते. ठोकळा उलट क्रमाने लावा: आधी दोन प्लेटी, त्यावर बाजूच्या स्टडचा ठोकळा (चार स्टडचा १×४, क्रमांक ३०४१४). आता पाटीची वरची कड ठोकळ्याच्या माथ्याशी आणि खालची प्लेटींच्या तळाशी तंतोतंत जुळेल. वर एक प्लेट टाकली की १९.२ पूर्ण.

खोलीकडे बघा. २×४ प्लेट आणि तिच्यावर २×४ टाइल (८७०७९) मिळून ६.४ मिमी होतात, भिंतीची जाडी ८. पाटी १.६ मिमी आत राहते. मी ती तशीच ठेवेन: चौकटीसारखी दिसते आणि नखाने उचकटता येत नाही.

नावाचं स्टिकर टाइलपेक्षा थोडं लहान कापा, १५ × ३१ मिमी पुरे. कडेपर्यंत आणलं की बोटं लागून उठतं. दोन टाइलवर मिळून एक स्टिकर अजिबात नको, मूल गाडी मोडणारच आणि तेव्हा ते फाटेल. प्लेट दोन स्टडच्या फटीत उभी खोचायचा मोहही टाळा. ८ उणे ४.८ म्हणजे ३.२, हिशोब बसतो, पण सूतभरही मोकळीक राहत नाही आणि ताणाने पुढे तडा जातो.

---

सुटे_भाग

पुस्तिकेबद्दल. या वयाला एका पायरीत २ ते ४ भाग, तेही गाडीच्या एकाच बाजूला. ३४० भागांच्या साधारण ११० पायऱ्या होतील, होऊ द्या. पानं वाचवायला सात-आठ भाग कोंबले की एखादा राहतो आणि तो चाळीस पायऱ्यांनंतर कळतो, तेव्हा गाडी उसवावी लागते. प्रत्येक पायरीत नवा भाग जागेवर दिसलाच पाहिजे. केबिनमागे दडणारा भाग असेल तर कोन फिरवा, पण दर पायरीला नको, मुलाला पुढची बाजू कोणती तेच कळेनासं होतं. डावी-उजवी भिंत आरशातल्यासारखी असली तरी दोन्ही पूर्ण दाखवा. "दुसरी बाजू तशीच करा" हे सहा वर्षांच्या मुलासाठी कोडं ठरतं. काळ्यावर काळा भाग येत असेल तर कडा पांढऱ्या रेषेने उठावदार करा.

आतले न दिसणारे भाग मुद्दाम भडक रंगात घ्या. "लाल ठोकळ्यावर पिवळी प्लेट" पटकन सापडते, करड्यावर करडी नाही.

पिशव्या चार करा. पहिलीत चासी, चाकं आणि चालक: अर्ध्या तासात ढकलायला काहीतरी हातात आलं पाहिजे. हौदा शेवटी. १×१ चे भाग आणि पिना प्रत्येकी एक-दोन जास्त टाका, हरवतात ते हेच.

भाग मागवण्याआधी प्रत्येक भाग त्या रंगात खरंच बनला आहे का ते बघा. सॉफ्टवेअर कोणताही रंग चढवू देतं. नारिंगीत तुमचे निम्मे उतार (तिरके ठोकळे) मिळाले नाहीत तर हौदा पांढरा करून फक्त पट्टा नारिंगी ठेवा. ब्रिकलिंकवर (लेगोचे सुटे भाग मिळणारं संकेतस्थळ) करड्याची नावं नीट वाचा: लाइट ग्रे हा जुना, २००४ च्या सुमारास बदललेला, लाइट ब्लूइश ग्रे हा आताचा, आणि लेगो त्यालाच मीडियम स्टोन ग्रे म्हणते. दोन्ही शेजारी लागले की गाडी डागाळलेली दिसते. जुने गडद लाल आणि तपकिरी भाग वापरलेले घेऊ नका, ठिसूळ निघतात.

---

फिरती_चाकं

बिजागरी बदलली, ६० अंशांपर्यंत मोकळी फिरते. पाटीही बसली. आता एकच: बाजूच्या भिंती १×४ ठोकळ्यांच्या सरळ रांगा आहेत. कोपऱ्यात उघडतात.

---

सांधेजोड

मग त्या भिंती नाहीत, चार खांब आहेत. विटांसारखं रचा: एका थरात बाजूची भिंत कोपऱ्यापर्यंत, पुढच्या थरात मागची. वरून कडेला १×८ किंवा १×६ प्लेटींचा एक फेर घ्या आणि त्या प्लेटींचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ देऊ नका.

---

अर्धी_प्लेट

पूर्ण झाली की गुडघ्याच्या उंचीवरून सतरंजीवर तीन वेळा टाका: एकदा चाकांवर, एकदा केबिनवर, एकदा हौद्यावर. दर वेळी जो भाग सुटेल तिथे एक आडवी प्लेट वाढवा. मग उरलेले रंग मागवा. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर १×१ च्या गोल प्लेटी आणि दिव्यांचे सुटे भाग या संचात नकोतच, दिवे १×२ च्या टाइलने करा आणि गाडी वरच्या फळीवर ठेवा.