राज्यभर एकसमान पोलीस प्रशिक्षण: लहान गावाने कशाचा आग्रह धरावा?

नदीकाठचा:

नमस्कार. मी अमेरिकेतील एका लहान गावात राहतो आणि यंदा गावाच्या सार्वजनिक सुरक्षा समितीवर माझी नेमणूक झाली आहे. आमच्या राज्याच्या विधिमंडळापुढे सध्या एक विधेयक आहे. पोलीस दल मोठ्या शहराचे असो, काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या) शेरीफ या पोलीस प्रमुखाचे असो की आमच्यासारख्या सात जणांचे, प्रत्येक अधिकाऱ्याचे प्रशिक्षण एकाच किमान मानकाप्रमाणे व्हावे आणि अर्धवेळ अधिकाऱ्यांना आजवर मिळत आलेली सवलत बंद व्हावी, असा त्याचा सारांश आहे. आमच्या समितीने त्यावर लेखी मत द्यायचे आहे.

तत्त्वतः मी विधेयकाच्या बाजूचा आहे. मात्र मागच्या बैठकीत पोलीस प्रमुखांनी महिन्याच्या पाळ्यांचा तक्ता टेबलावर ठेवला. एक नवा अधिकारी पाच महिने अकादमीत असल्यामुळे त्याच्या नावावर रेघ मारलेली होती आणि रात्रपाळीच्या चार चौकोनांत प्रमुखांनी स्वतःचीच आद्याक्षरे लिहिली होती. हे पाहिल्यापासून माझा उत्साह थोडा ओसरला आहे. एकसमान असायला हवे ते नेमके काय: तासांची संख्या, अभ्यासक्रम, की परीक्षा? शिवाय लहान गावाने हा भार कसा पेलायचा? जाणकारांनी कृपया लिहावे.

जुने दप्तर:

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हा प्रश्नच आधी चमत्कारिक वाटतो, कारण तिथे पोलीस दल राज्याचे असते आणि भरती झालेला शिपाई राज्याच्याच प्रशिक्षण केंद्रात जातो. अमेरिकेत पोलिसांचा विषय राज्यांकडे आहे आणि राज्यांनी तो शहरे, गावे व काउंट्यांकडे सोपवला आहे. त्यामुळे देशभरात सुमारे 18,000 वेगवेगळी दले आहेत आणि स्थानिक पोलीस दलांपैकी जवळपास निम्म्या दलांत दहापेक्षाही कमी पूर्णवेळ अधिकारी आहेत. तुमचे सात जणांचे दल अपवाद नाही. संख्येने पाहिले तर तोच तिथला नेहमीचा नमुना आहे.

राज्यव्यापी मानकांची सुरुवात 1959 मध्ये कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या राज्यांत झाली. मानके ठरवणाऱ्या कॅलिफोर्नियातील आयोगाला ‘पोस्ट’ (अधिकाऱ्यांची मानके व प्रशिक्षण या अर्थाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे) म्हणतात आणि पुढे हेच नाव बऱ्याच राज्यांनी उचलले. 1967 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने प्रत्येक राज्यात असे मानके ठरवणारे मंडळ असावे आणि नव्या अधिकाऱ्याला वर्गातील किमान 400 तासांचे शिक्षण मिळावे, अशी शिफारस केली. ती सर्वत्र पोहोचायला अर्धे शतक लागले. चारच काउंटी पोलीस दले असलेल्या हवाईने असे मंडळ स्थापण्याचा कायदा अगदी शेवटी, म्हणजे 2018 मध्ये केला.

तासांबद्दल बोलायचे तर संघराज्य सरकारच्या 2018 च्या पाहणीत अकादमीतील मूलभूत प्रशिक्षण सरासरी 833 तासांचे आढळले आणि त्यातील सुमारे 73 तास बंदुकीच्या सरावाचे होते. पण सरासरीच्या पोटात फार मोठा फरक लपतो. कॅलिफोर्नियाचे किमान मानक 664 तासांचे आहे आणि तेथील अनेक अकादम्या त्यापेक्षा बरेच जास्त शिकवतात. काही राज्यांत तर नेमणूक झाल्यावर अकादमीत जागा मिळेपर्यंत कित्येक महिने नव्या माणसाला गणवेशात गस्त घालू देण्याची मुभा कायद्यानेच दिलेली आहे. तुमच्या विधेयकात असे एखादे कलम दडलेले नाही ना, हे आधी पाहा. माझ्या मते कमी तासांपेक्षा हे कलम अधिक धोकादायक आहे.

खडूफळा:

मी एका सामुदायिक महाविद्यालयाच्या पोलीस अकादमीत अहवाललेखन शिकवते आणि प्रसंगनाट्यांच्या परीक्षेला परीक्षक म्हणूनही बसते. त्या अनुभवावरून सांगते की तास मोजणे सोपे असते म्हणूनच ते मोजले जातात.

वाहन थांबवण्याचा साधा प्रसंग घ्या. आवारात एक जुनी मोटार उभी असते, चालकाच्या जागी आमचाच एखादा सहकारी असतो आणि त्याला हुज्जत घालायला सांगितलेले असते. प्रशिक्षणार्थी मोटारीच्या मागच्या बाजूने येतो, डिकीवर तळहात टेकवून ती बंद असल्याची खात्री करतो आणि चालकाच्या दाराच्या किंचित मागे उभा राहतो. इथपर्यंत बहुतेकांचे बिनचूक होते, कारण ते हालचालीचे शिक्षण आहे. मग चालक विचारतो, “मला का थांबवलंत?” आणि इथे वर्गातील हुशार मुलेही अडखळतात. कोणी आवाज चढवतो, कोणी तोच हुकूम पुन्हा पुन्हा सुनावतो. माझ्या तपासणी-पत्रकात ‘कारण सांगितले’ आणि ‘ऐकून घेतले’ असे दोन रकाने आहेत. त्यांवर फुली पडली तर प्रसंग पुन्हा द्यावा लागतो. आमच्याच राज्यातील दुसऱ्या एका अकादमीत हे रकाने नाहीत. तिथे बाकी सगळे नीट असेल तर तोच विद्यार्थी उत्तीर्ण होतो. दोन्हीकडील तास मात्र तंतोतंत सारखे आहेत.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे: अभ्यासक्रमाची चौकट राज्याने द्यावी, शिकवण्याची रीत अकादमीवर सोडावी, परंतु शेवटची परीक्षा, तिची पत्रके आणि परीक्षकांची निवड राज्याच्या हाती असावी. स्वतःच्या विद्यार्थ्याला नापास करणे कोणत्याही अकादमीला जड जाते. पाच महिने ज्याला भल्या पहाटे मैदानावर धावताना पाहिले, त्याला शेवटच्या आठवड्यात घरी पाठवण्यासाठी काळीज घट्ट करावे लागते, हे मी स्वतःबद्दलही कबूल करते.

उलटतपासणी:

वकील या नात्याने एक मुद्दा जोडतो, जो समितीतील खर्चाच्या बाजूने बोलणाऱ्यांना उपयोगी पडेल. ओहायोमधील कँटन शहराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये निर्णय दिला की, अधिकाऱ्यांना प्रशिक्षण न देणे हे नागरिकांच्या हक्कांबाबतच्या हेतुपुरस्सर बेपर्वाईच्या पातळीवर गेले, तर त्याची भरपाई खुद्द शहराकडून मागता येते. त्या प्रकरणात अटकेतील महिलेची प्रकृती बिघडली होती आणि तिला वैद्यकीय मदत मिळाली नाही. मदत बोलवायची की नाही हे पाळीवरील वरिष्ठाने ठरवायचे होते, पण ते कसे ठरवायचे याचे विशेष शिक्षण त्याला नव्हते, असा आरोप होता. निकालपत्रात न्यायालयाने बंदुकीचेही उदाहरण दिले आहे. पळून जाणाऱ्या गुन्हेगारांना पकडण्यासाठी शहर ज्यांच्या हाती बंदूक देते, त्यांना तिच्या वापराच्या घटनात्मक मर्यादा शिकवण्याची गरज इतकी उघड आहे की, ते न शिकवणे हीच बेपर्वाई ठरू शकते. या मर्यादा 1985 च्या टेनेसी विरुद्ध गार्नर या निकालाने आखून दिल्या होत्या.

अशा खटल्यात शहराविरुद्ध दोष सिद्ध करणे अवघड असते, हे मान्य. तरीही राज्याचे स्पष्ट मानक असेल तर लहान गावाला ते ढालीसारखे वापरता येते; मानक नसेल तर ‘आम्ही पुरेसे शिकवले’ हे गावाला स्वतःच्या बळावर पटवून द्यावे लागते.

वाकडी वाट:

वरील सर्व मुद्दे मला मान्य आहेत, तरी थोडा विरोधी सूर लावतो. कागदावरच्या मानकांत मिनेसोटा हे राज्य अमेरिकेत पुढे मानले जाते. 1977 मध्ये तिथे मंडळ स्थापन झाले, अधिकाऱ्यांना परवाना देण्याची पद्धत आली आणि परवान्यासाठी दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण लागते, जे बहुतेक राज्यांत लागत नाही. तरीही 25 मे 2020 रोजी त्याच राज्यातील मिनीयापोलीसमध्ये पोलिसांनी जमिनीवर दाबून धरलेल्या जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला.

त्या दिवशीचा एक तपशील प्रशिक्षणाबद्दल बोलताना विसरू नये. घटनास्थळी असलेल्या चौघा पोलिसांपैकी दोघांचे स्वतंत्र कामाचे ते पहिलेच दिवस होते. त्यांच्यातील एकाने फ्लॉइड यांना कुशीवर वळवायचे का, असे विचारले. म्हणजे वर्गात शिकवलेले त्याच्या लक्षात होते. डेरेक शॉविन या ज्येष्ठ अधिकाऱ्याने नकार दिला आणि विषय तिथेच संपला. दुसऱ्या नव्या अधिकाऱ्याला तर प्रत्यक्ष रस्त्यावरचे काम शिकवणाऱ्यांत शॉविनच होता. आता सांगा, अकादमीत आणखी शंभर तास वाढवून यात काय बदलले असते?

अकादमी संपल्यानंतर नवा अधिकारी काही आठवडे किंवा महिने अनुभवी अधिकाऱ्याच्या गाडीत बसून काम शिकतो. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला सॅन होजे शहराने या टप्प्याला शिस्त लावली: नेमलेले प्रशिक्षक, रोजचे निरीक्षणपत्र आणि प्रत्येक कौशल्याला 1 ते 7 असे गुण. पुष्कळ दलांनी तो नमुना घेतला. पण ‘अकादमीत शिकवलेलं विसर, खरं काम इथं आहे’ असे वाक्य त्या गाडीत बोलले जाते की नाही, हे निरीक्षणपत्रात उमटत नाही. म्हणून माझी मागणी एवढीच आहे की, गाडीतील हा प्रशिक्षक कोण असावा, त्याच्याविरुद्धच्या तक्रारी कोणी तपासाव्यात आणि नव्या माणसाने त्याला अडवल्यास संरक्षण कोणी द्यावे, हे राज्याच्या मानकात असावे. तुमच्या विधेयकात हा टप्पा नसेल, तर इमारतीचा पाया सोडून गिलाव्यावर चर्चा चालली आहे असे मी म्हणेन.

नदीकाठचा:

सर्वांचे मनापासून आभार. विधेयक पुन्हा वाचले. ‘प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण संबंधित दलाच्या धोरणानुसार होईल’ एवढे एकच वाक्य त्यात आहे आणि आमच्या दलाचे धोरण दीड पानाचे आहे. परीक्षेबद्दल मात्र राज्यस्तरीय तरतूद आहे. नेमणुकीनंतर अकादमीत जाईपर्यंत सहा महिन्यांची मुभाही तशीच ठेवलेली आहे. ‘जुने दप्तर’ यांनी सांगितले नसते तर ते कलम माझ्या नजरेतून सुटले असते. राहिला पैशाचा प्रश्न. आम्ही शिकवायचे आणि वर्षभरात त्या माणसाने जास्त पगारासाठी शेजारच्या शहरात जायचे, ही आमच्या प्रमुखांची खरी तक्रार आहे.

जुने दप्तर:

प्रमुखांची तक्रार रास्त आहे आणि ती जुनीही आहे. कॅलिफोर्नियाने मानके आणताना त्यांच्या मागे पैसाही उभा केला होता. न्यायालयीन दंडांवर अधिभार लावून एक निधी उभारला आणि मानके पाळणाऱ्या दलांना त्यातून प्रशिक्षणाच्या खर्चाची परतफेड मिळू लागली. लोकांनी नियम जितके जास्त मोडावेत तितके पोलिसांचे शिक्षण चांगले व्हावे, असा विचित्र हिशेब त्यामुळे तयार झाला, पण गाडी चालू झाली हे खरे. मॅसॅच्युसेट्सने 2020 च्या अखेरीस नवा कायदा करून अर्धवेळ अधिकाऱ्यांनाही पूर्णवेळ अधिकाऱ्यांच्या पातळीचे प्रशिक्षण सक्तीचे केले, तेव्हा आधीपासून काम करणाऱ्यांसाठी फरक भरून काढणारा वेगळा अभ्यासक्रम ठेवला. तुमच्या राज्यातील अर्धवेळ अधिकाऱ्यांसाठी तशीच सोय मागता येईल.

माणूस पळवून नेण्यावरही उपाय आहे. प्रशिक्षणानंतर ठरावीक मुदतीत अधिकारी दुसऱ्या दलात गेला, तर नेणाऱ्या दलाने आधीच्या दलाला खर्च भरून द्यावा, असा कायदा काही राज्यांत आहे. अशा कलमाला मोठी शहरे विरोध करतील. त्यांना शिकूनसवरून तयार झालेला माणूस आयता मिळतो.

मात्र अधिकारी दल बदलतो ते प्रत्येक वेळी पगारासाठीच असे नाही. प्रशिक्षणात किंवा कामात अपयशी ठरलेला माणूस राजीनामा देऊन पुढच्या गावात रुजू होतो आणि पुढचे गाव मनुष्यबळाअभावी फारशी चौकशी करत नाही. त्यासाठी राज्याच्या मंडळाकडे पोलीस म्हणून काम करण्याचे प्रमाणपत्र रद्द करण्याचा अधिकार हवा. कॅलिफोर्नियासारख्या राज्याने हा अधिकार 2021 च्या कायद्याने दिला. प्रमाणपत्र कधीच जाऊ शकत नसेल, तर ते मिळवण्याची अट कितीही कडक केली तरी उपयोग अर्धाच.

खडूफळा:

लेखी मतात आणखी एक ओळ घालाल का? प्रशिक्षणार्थी अकादमीत असताना त्याच्या जागी पाळी भरून काढण्यासाठी काउंटीच्या शेरीफ दलाने माणूस द्यावा आणि त्याचा खर्च राज्याने उचलावा. आमच्याकडे लहान गावांतून आलेली मुले शनिवार-रविवारी घरी जाऊन अभ्यास करण्याऐवजी ठाण्यातच मदतीला बसतात. सोमवारी वर्गात त्यांचे डोळे मिटत असतात.

नदीकाठचा:

घालतो. आमच्या शिकाऊ अधिकाऱ्याची अकादमी पुढच्या महिन्यात संपते आहे. मंगळवारच्या बैठकीत प्रमुखांना विचारणार आहे की, त्याला पहिल्या दिवशी कोणाच्या गाडीत बसवणार. सात जणांच्या दलात शिकवण्याजोगे अनुभवी दोघेच आहेत आणि त्यांतील एकाबद्दल गेल्या वर्षी समितीकडे तक्रार आली होती.