मदत हवी आहे : दारात वॅगन आर, डोक्यात थार

नमस्कार मंडळी,

दोन-तीन वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. विषय गाडीचा आहे, महिंद्राच्या थार जीपचा, आणि घरात बोलायची सोय राहिलेली नाही, थारचा थ काढला तरी बायको कुकर लावायला निघून जाते, मग दुपारचे तीन का वाजलेले असेनात.

आधी आत्ता काय आहे ते सांगतो. २०१२ ची वॅगन आर, सीएनजी, एक लाख अठरा हजार फिरलीय, आणि एक अ‍ॅक्टिव्हा. राहायला मोशी, नोकरी चाकणला, कंपनीची बस आहे त्यामुळे गाडी रोज लागत नाही. लेकीचा क्लास, भाजी, आईचा दवाखाना आणि महिन्यातून एकदा गाव, एवढंच. गाव ढेबेवाडीच्या वरच्या अंगाला, पाटण तालुका, इथून दोनशेच्या आसपास. डांबरी संपल्यावर शेवटचा पाऊण किलोमीटर कच्चा आहे, उन्हाळ्यात काही वाटत नाही पण जून लागला की गाडी खाली देवळापाशी लावायची आणि पिशव्या डोक्यावर घेऊन चिखल तुडवत वर.

आता थारच का, तर ते जुनं दुखणं आहे. आमच्या लहानपणी कराड-ढेबेवाडी वडाप, म्हणजे शेअर जीप, चालायचं. कमांडर जीप, आत बारा-तेरा आणि मागं लोंबकळणारे वेगळे. ड्रायव्हरच्या उजव्या बाजूला पण एक जण अर्धा बाहेर बसलेला, त्यामुळे ड्रायव्हर कायम तिरका, आणि गियर टाकायच्या वेळी मधल्या माणसानं गुडघे बाजूला घ्यायचे हे कुणी कुणाला सांगायचं नाही, आपोआप व्हायचं. मी आठवीपासून मागच्या फळीवर उभा राहून शाळेत गेलोय, ताडपत्रीची दोरी धरून, तोंडावर पाऊस आणि नाकात डिझेल. पत्र्यावर दोनदा थाप पडली की गाडी हलणार. अण्णांकडे एम-८० दुचाकी होती पण तिला दोन्ही अंगाला दुधाचे कॅन, मला कुठं बसवणार. तेव्हाच ठरवलेलं की आपली एक जीप असणार आणि तिच्यात फक्त आपण बसणार, बारा जण नाही.

२ ऑक्टोबर २०२० ला नवी थार आली तेव्हा फ्लॅटचा हप्ता नवीन होता, गप्प बसलो. आता जरा हात मोकळा झालाय. बजेट सगळं धरून अकरा-साडेअकरा, वॅगन आरचे येतील तेही त्यातच. वाकडच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडे २०२१ ची डिझेल, हार्ड टॉप (पक्क्या टपाची), फोर बाय फोर (चारही चाकं ओढणारी) बघून आलोय.

अडचणी सांगतो. पार्किंग मोजलं, दोन खांबांच्या मध्ये २.४ मीटर. थार साधारण १.८ मीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूला मिळून ६० सेंटीमीटर, आणि तिला पुढं दोनच दारं असल्यानं दार लांबलचक. खात्री करायला रात्री खडूनं जमिनीवर थारच्या मापाचा चौकोन काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी बिल्डिंगमधल्या पोरींनी त्यात घरं आखून ठिकरी सुरू केली, आणि बायकोला पत्ता लागला. दुसरं म्हणजे आई. तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत. शोरूमला टेस्ट ड्राइव्हला नेलं तर पुढची सीट दुमडून मागं जायचं म्हटल्यावर ती सेल्समनला म्हणाली, "बाळा, मी इथंच उभी राहते, तुम्ही या फिरून."

तर प्रश्न असे की वॅगन आर विकू की ठेवू, जुनी थार घेताना खाली वाकून नेमकं काय बघायचं, डिझेल की पेट्रोल, आणि ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत आणि थार पण आहे त्यांनी कृपया खरं खरं सांगा. "मन मारू नका दादा" छापाचे प्रतिसाद नकोत, ते मी स्वतःला रोज देतो.

—

गॅरेजवाला_नाही
दादा, रोज बसनं जाता आणि गाडी क्लास-भाजीला, म्हणजे तीन-चार किलोमीटरच्या चकरा. तुमच्यासाठी बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांचं) डिझेल हा सगळ्यात चुकीचा माल आहे. त्यात डीपीएफ असतो, म्हणजे धुरातली काजळी पकडणारी जाळी, ती काजळी जाळून टाकायला इंजिन चांगलं तापावं लागतं, हायवेला एका स्पीडनं वीसेक मिनिटं चालवलं की काम होतं. भाजी आणायच्या चकरेत इंजिन तापायच्या आत तुम्ही घरी. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि माणूस रात्री अकराला निष्कारण तळेगाव टोलनाक्यापर्यंत जाऊन येतो. महिन्यातून एकदा गाव आहे म्हणून थोडं निभावेल, पण घेतलीच तर पेट्रोल घ्या आणि सिटीत नऊ-दहाचा अ‍ॅव्हरेज बघून रडू नका.

चिखलवाट
माझ्याकडे थार आहे, भोरच्या आत शेत आहे तिथं वापरतो. आधी गैरसमज काढतो, फोर बाय फोर म्हणजे जादू नाही. चिखलात निम्मं काम टायरचं. काळ्या मातीत टायरच्या खाचा भरल्या की चारही चाकं एकसारखी गुळगुळीत होतात आणि चारही एकदमच घसरतात. आणि कोरड्या डांबरीवर फोर एचमध्ये (चारही चाकं, नेहमीचा स्पीड) चालवायची नाही, पुढच्या-मागच्या चाकांना वळणावर वेगवेगळं अंतर कापायचं असतं आणि मध्ये सूट द्यायला डिफरन्शियल नाही, गिअरबॉक्सवर ताण येतो. नवीन लोक खंबाटकी घाटात पाऊस आला की ऐटीत फोर बाय फोरचं लिव्हर ओढतात आणि घाट उतरेपर्यंत विसरतात.

जुनी बघताना : सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या टोकाला मातीचा पट्टा दिसला तर गाडी पाण्यात बसलेली आहे, कितीही पॉलिश मारू देत. फ्लोअरची भोकं बंद करणारी बुचं असतात, ती काढून कडेचा गंज बघा. खाली दगडाचे ओरखडे थोडे असणारच, त्यासाठीच गाडी आहे, पण ट्रान्सफर केसजवळ (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) ताजं तेल दिसलं तर मागं फिरा. आणि डीलरच्या समोर फोर एल (चारही चाकं, स्पीड कमी पण ओढ जास्त) टाकून दाखवायला सांगा. मी बघितलेल्या एका गाडीचं लिव्हर तीन वर्षांत कुणी हलवलंच नव्हतं, जाम होतं. मालक हिंजवडीचा.

निवृत्त_पण_चालू
आमच्या वेळी थार नव्हती, कॉन्टेसा होती. १९८४ साली आली तेव्हा मी नुकता नोकरीला लागलेलो. ऑफिसच्या साहेबाकडे पांढरी होती, दार लावलं की फ्रिज बंद केल्यासारखा आवाज. मी आयुष्यभर आधी चेतक, मग सेकंडहँड पद्मिनी, मग मारुती ८०० चालवली. पद्मिनीचा गियर स्टिअरिंगलाच, त्यामुळे पुढं तिघं बसायचे आणि आमची धाकटी मध्ये बसून गियरच्या दांड्याला टाळी द्यायची. रिटायर झाल्यावर हौस म्हणून एक कॉन्टेसा चालवून बघितली. स्टिअरिंग वळवताना खांद्यातून कळ आली, परत देऊन टाकली. तुमचे खांदे चांगले आहेत तोवर चालवून घ्या, विकत घ्यायचं नंतर बघा.

स्टुटगार्टकर
काकांना प्लस वन. मी राहतो तिथं लोकलचं एक स्टेशनच पोर्शेप्लात्झ म्हणून आहे, खाली उतरलं की समोर कारखाना आणि म्युझियम. रोज त्यावरून जातो. लोकलनं. घरी जुनी फाबिया आहे, तीही आठवड्याचा किराणा आणायला. इथं येताना मित्रांना सांगून आलेलो की दोन वर्षांत पोर्शेसोबत फोटो टाकतो. टाकला, म्युझियममधला.

हिशोबाची_वही
मी बायकोच्या बाजूनं बोलणार आहे, आधीच सांगते. दादा तुम्ही चार माणसं, त्यात आईंचे गुडघे असे, आणि तुम्ही बघताय दोन दारांची गाडी. थारच्याच मोठ्या भावाला, रॉक्सला, बाजूला चार दारं आहेत पण ती ४.४ मीटरच्या वर लांब आणि तुमच्या बजेटच्या बाहेर. नवीन थारमध्ये दीड लिटरची डिझेल स्वस्तातली म्हणून कुणी गळ्यात मारेल, ती फोर बाय फोर नाही, फक्त मागची चाकं ओढतात, मग तुमच्या पाऊण किलोमीटरचं काय?

मारुतीच्या जिम्नीचं नाव कुणी घेत कसं नाही? लांबी ३,९८५ मिलिमीटर, थारएवढीच, पण रुंदी १,६४५. तुमच्या खांबांत ७५ सेंटीमीटर उरतात आणि दारं चार असल्यानं लहान. पेट्रोल, म्हणजे ते जाळीचं लफडं नाही. लो रेंजवालं, म्हणजे फोर एल असलेलं, फोर बाय फोर सगळ्या मॉडेलला. २०२३ च्या गाड्या तुमच्या पैशात मिळतात. डिकी लहान आहे, तांदळाचं पोतं ठेवलं की बॅगा मांडीवर, हे आधीच मान्य करा.

आणि वॅगन आरची पंधरा वर्षं २०२७ ला भरतायत ना? आरसी रिन्यू करून पुढची पाच वर्षं मिळतात, सिलिंडरची टेस्ट दर तीन वर्षांनी वेळेवर करून घ्या. विकून येणार किती आणि सीएनजीनं वाचणार किती हे एकदा कागदावर मांडा. दुसऱ्या पार्किंगचा प्रश्न मात्र तुमचा तुम्ही सोडवा.

मोशीतला थारवेडा (धागाकर्ता)
ताई, जिम्नी बघितलीय हो. गाडी वाईट नाही. पण शेजारी उभं राहिलं की ती माझ्याकडे बघत नाही, मी तिच्याकडे बघतो, कळतंय का. थार उभी असली की उलट होतं. बायकोला हे वाक्य वाचून दाखवलं, ती परत कुकरकडे गेली.

चिखलवाट
सरळ एक वीकेंड भाड्यानं घ्या आणि सगळ्यांना घेऊन गावाला जा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच, म्हणजे भाड्यानं द्यायचा परवाना असलेली घ्या, पांढऱ्या पाटीची मित्राच्या मित्राची घेऊ नका, ठोकली तर इन्शुरन्सवाला हात वर करेल. आईंसाठी एक छोटं स्टूल ठेवा.

—

मोशीतला थारवेडा (धागाकर्ता) — अपडेट

मंडळी, जाऊन आलो. शुक्रवारी संध्याकाळी काळ्या पाटीची थार घेतली, शनिवारी पहाटे निघालो. आईला स्टूल देऊन पुढं बसवलं, हँडल धरून ती दमानं चढली, चढल्यावर पदर नीट केला आणि म्हणाली, "उंचावरनं बरं दिसतंय." बायको आणि लेक मागं. सातारा येईपर्यंत मी खूश होतो. मग लेकीनं विचारलं की माझी खिडकी कुठून उघडते. उघडत नाही, मागची काच फिक्स आहे. वॅगन आरमध्ये ती अख्खा घाट हात बाहेर काढून वारा पकडत येते (हो, ओरडतो आम्ही). उंब्रजला बायको म्हणाली, मळमळतंय, गाडी थांबव.

पण तो पाऊण किलोमीटर. काय सांगू. आदल्या रात्री पाऊस झालेला, देवळापाशी थांबून फोर एल टाकला, पहिल्या गियरला सोडली, एक्सलेटरला पाय जवळजवळ नाहीच आणि ती आपली टकटक करत चढत गेली. अंगणात जाऊन थांबली. आमच्या अंगणात पावसाळ्यात चारचाकी पहिल्यांदा आली. शेजारचे बघायला आले, चुलते दोनदा टायरला लाथ मारून गेले. अण्णा असते तर म्हणाले असते, डिझेल किती खाते ते सांग.

रविवारी दुपारी मी एकटाच दूध आणायला खाली ढेबेवाडीला निघालो तर वाटेत गावातले दोन म्हातारे उभे, मला हात केला. मला काय तो आनंद, म्हटलं या या. पुढं एक बसले. दुसऱ्यांना मागं घालायचं तर पहिल्यांना उतरवून सीट दुमडली, ते अर्धे आत गेले, काठी अडकली, धोतर अडकलं, परत बाहेर आले. मग मागचं दार उघडून दिलं तर मध्ये सीटची पाठ आडवी. शेवटी ते कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "ह्यापेक्षा वडाप बरं होतं रं, मागनं चढता यायचं." आणि चालत निघाले. पुढचे पण उतरून त्यांच्याबरोबर गेले.

परत येताना आई मागं बसायला तयार झाली नाही आणि बायको पण झाली नाही. म्हणजे शेवटी लेक आणि पिशव्या मागं, बायको एसटीनं कराडपर्यंत आणि तिथून पुण्याची गाडी. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, घरी अजून नीट बोलणं नाही.

डीलरचा दोनदा फोन येऊन गेला, उचलला नाही. वॅगन आरच्या सिलिंडरची टेस्ट गुरुवारी करून घेतोय. हिशोबाची वही ताई, मागची खिडकी जिम्नीला पूर्ण खाली जाते का, आणि आईला स्टूलशिवाय बसता येईल एवढी सीट खाली आहे का, तुमच्याकडे किंवा ओळखीत कुणाकडे असेल तर बघून सांगाल का? पिंपरी-चिंचवडमध्ये कुणाची असेल तर आईला घेऊन येतो, पाच मिनिटं बसवून बघायचंय फक्त, चहा माझ्याकडून.

पार्किंगमधला चौकोन पावसानं गेला. पोरींनी विचारलं काका परत कधी काढणार. उद्या काढतो, यावेळी १,६४५ चा.