वेटिंग लिस्टमधल्या केसेस खासगीत पाठवून रांग खरंच कमी होते का?

चष्मेवाली : आईचं मोतीबिंदूसाठी सरकारी रुग्णालयात अकरा महिन्यांपूर्वी नाव घातलंय. परवा फोन आला, खासगीत करून देतो, खर्च सरकारचा. आई म्हणते, फुकट कोण करतंय, यात काहीतरी गोम आहे. मला वेगळाच प्रश्न पडलाय : याने रांग हलते, की नुसती या दारातून त्या दारात जाते?

भूलवाला : गोम नाही, खासगीवाल्यांना केसमागे ठरलेला दर मिळतो. आयर्लंडने २००२ मध्ये यासाठी वेगळा निधीच काढला.

मी भूलतज्ज्ञ, दोन्हीकडे काम केलंय. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा खासगीत भराभर उरकतात, कारण मध्येच इमर्जन्सी येऊन टेबल अडवत नाही. आमच्याकडे सरकारीत एका हर्नियाच्या बाईंना सकाळपासून उपाशी ठेवून दुपारी तीनला "उद्या या" सांगावं लागलं. आत सिझर चाललेलं. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा सलाइनची सुई काढताना त्याच मला म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही तरी जेवलात का?"

पण सर्जन तेच, मीही तोच. शनिवारी जादा केसेस केल्या तर रांग घटते. मंगळवारचं इथलं ऑपरेशन थिएटर बंद ठेवून तिकडे गेलो, तर काय कमावलं? शिवाय सोप्या केसेस तिकडे जातात, शुगर-हार्टवाले इथे उरतात. शिकाऊ डॉक्टरांनी मग हात बसवायचा कशावर?

यादीवाली : आधी यादी तरी धड करा! मी एकेकाला फोन लावायचे, तर कुणाचं ऑपरेशन कधीच झालेलं, कुणाचं नाव दोन विभागांत. इंग्लंडमध्ये २०२३ च्या सप्टेंबरात ७७ लाखांवर नोंदी होत्या, माणसं मात्र ६५ लाखांच्या आसपास.

चष्मेवाली : आणि नंतर काही बिघडलं तर?

भूलवाला : ते करारात असायला हवं, नाहीतर पेशंट रात्री आमच्याच कॅज्युअल्टीत येतो. डोळा लाल झाला, दुखायला लागला किंवा नजर कमी झाली तर कुणाला फोन करायचा, ते निघायच्या आधी कागदावर घ्या. रात्रीचा नंबर वेगळा मागा.

चष्मेवाली : आईला वाचून दाखवलं. आता विचारतेय, दुसरा डोळाही त्यातच बसवतील का.