मिश्रण ‘पातळ’ झाले, म्हणजे पेट्रोल वाढले की घटले?

दुभाषा :
कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) असलेल्या मोटारीचे हवा-पेट्रोल मिश्रण कमी खर्चात घरच्या घरी कसे जुळवावे, अशा विषयावरची एक छोटी इंग्रजी पुस्तिका मी मराठीत आणतो आहे. साधने अगदी साधी आहेत : चपट्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर, प्लग काढायचा पाना, एक डिजिटल मल्टीमीटर आणि जमल्यास व्हॅक्यूम गेज, म्हणजे इंजिनाची हवा ओढण्याची ताकद दाखवणारा मापक. माझे अडले आहे ते शब्दांपाशी. ज्या मिश्रणात पेट्रोल कमी पडते त्याला इंग्रजीत ‘लीन’ आणि ज्यात ते जास्त होते त्याला ‘रिच’ म्हणतात; त्यांना मी अनुक्रमे ‘पातळ’ आणि ‘दाट’ असे शब्द योजले आणि पुढे निघालो. मसुदा वाचायला दिलेल्या एका स्नेह्यांनी आपल्या गाडीचा प्लग काढून पाहिला, तर तो काजळीने काळा झालेला. ‘मिश्रण पातळ असल्यास स्क्रू पाव फेरा सैल करावा’ हे माझे वाक्य वाचून त्यांनी स्क्रू पाव फेरा सैल केला, मग आणखी पाव फेरा, आणि गाडी काळा धूर ओकत बंद पडली. त्यांचे म्हणणे असे, की रंगात थिनर ओतला की रंग पातळ होतो, तसे हवेत पेट्रोल जास्त पडले की मिश्रण पातळच होणार. चूक त्यांची की माझ्या शब्दाची? शब्दाची असेल, तर दुसरा कोणता योजावा?

काळा प्लग :
स्नेह्यांना बोल लावू नका. ‘पातळ’ हा शब्द द्रवाला लागतो, आणि या मिश्रणात द्रव एकच आहे, तो म्हणजे पेट्रोल. ज्यांचे हात रोज या कामात असतात ते सरळ ‘गाडी रिच आहे’, ‘लीन आहे’ असे म्हणतात, नाहीतर लक्षणच सांगतात : पेट्रोल जास्त खाते, मिसिंग मारते, पिकअप घेत नाही. प्लगच्या टोकावर कोरडी काजळी असली तर पेट्रोल जास्त. पांढरट, भाजल्यासारखे दिसले तर कमी. फिकट तपकिरी असले तर ठीक. एवढे कळले की ‘दाट-पातळ’ची गरज उरत नाही. पुस्तिकेत ‘रिच’ आणि ‘लीन’ असेच छापावे.

व्याकरणप्रेमी :
‘पातळ’ केवळ द्रवाला लागतो, हे विधान मला मान्य नाही. कापड पातळ असते, केस पातळ होतात, कागदही पातळ असतो; तेव्हा दोष शब्दाचा नसून त्याला जोडलेल्या नामाचा आहे. काय पातळ झाले, पेट्रोल की हवा, हे ‘मिश्रण’ या शब्दातून कळतच नाही. राहिला ‘लीन’. हा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे आणि त्याचा अर्थ नम्र किंवा एकरूप झालेला असा आहे. ‘चढावर इंजिन लीन झाले’ हे वाक्य वाचून इंजिनाने चढापुढे मान तुकवली असे कोणाला वाटले, तर त्याला हसता येणार नाही. माझी सूचना ‘इंधनप्रचुर’ आणि ‘इंधनन्यून’ अशी आहे. शब्द लांब आहेत हे कबूल, परंतु कशाची प्रचुरता आणि कशाची न्यूनता हे त्यांत स्पष्ट आहे.

काळा प्लग :
बॉनेटखाली वाकून, एका हातात स्क्रू ड्रायव्हर धरून, आतल्या माणसाला ‘जरा रेस कर, इंधनन्यून झाले आहे’ असे ओरडून सांगून पाहा.

कसदार :
मराठीत या दोन्ही शब्दांची तयार जोडी आहे, ती म्हणजे ‘सकस’ आणि ‘निकस’. जमिनीला आपण ती सहज लावतो. पेट्रोल हा मिश्रणाचा कस. तो भरपूर असेल तर मिश्रण सकस, कमी असेल तर निकस.

‘विरळ’ मात्र कटाक्षाने टाळावा, कारण त्याने घोटाळा दुप्पट होईल. उंचीवर हवा विरळ होते, हे आपण शाळेपासून म्हणत आलो. कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे, ठरलेल्या मापाचे असतात, त्यामुळे घाट चढून वर गेल्यावर हवेचे वजन जितके घटते तितके पेट्रोल घटत नाही, आणि मिश्रणात पेट्रोल प्रमाणाबाहेर होते. म्हणजे हवा विरळ झाल्याने मिश्रण सकस होते. ‘लीन’ला ‘विरळ’ म्हटले, तर हेच वाक्य ‘विरळ हवेत मिश्रण विरळाच्या उलट होते’ असे लिहावे लागेल.

व्याकरणप्रेमी :
‘निकस’ला माझी मोठी हरकत नाही, पण त्यात निंदा आहे. पेट्रोल वाचवण्यासाठी मुद्दाम थोडे लीन ठेवलेले मिश्रण वाईट नसते. पेट्रोल संपूर्ण जळण्यासाठी वजनाने एका भागाला १४.७ भाग हवा लागते. सर्वाधिक जोर साधारण १२.५ ते १३ च्या आसपास मिळतो, आणि बचत हवी असेल तर १५.५ ते १६ पर्यंत जावे लागते. त्या बचतीच्या मिश्रणाला ‘निकस’ आणि धूर सोडणाऱ्याला ‘सकस’ म्हणणे हा अन्याय आहे.

मूळधातू :
‘निकस’ हा ‘निकष’चाच अपभ्रंश असावा, असे मला फार दिवसांपासून वाटते. निकष म्हणजे सोने घासून पाहायचा दगड. घासले की सोने झिजते, कस जातो, म्हणून निकस. त्याचप्रमाणे ‘चोक’ आणि आपले ‘चोंदणे’ यांचेही काही नाते असले पाहिजे, कारण चोक ओढला की हवेची वाट चोंदते आणि मिश्रणात पेट्रोल वाढते.

कसदार :
नाते ध्वनीचे आहे, रक्ताचे नाही. ‘निकस’ म्हणजे कस नसलेला, ‘निकष’ म्हणजे कसोटी. दोन्हींच्या मुळाशी घासण्याची क्रिया असेल, पण त्यामुळे एक दुसऱ्याचा अपभ्रंश ठरत नाही. ‘चोक’ इंग्रजीतून गाडीबरोबर आला, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून आपली नाके चोंदत होती.

गंमत मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. ‘कसणे’ म्हणजे आवळणेही. मिश्रणाचा स्क्रू कसला की पेट्रोल कमी होते, म्हणजे मिश्रण निकस होते. ‘कसला की निकस’ एवढे सूत्र दुभाषा यांनी पुस्तिकेत चौकटीत छापले, तर कोणाच्या गाडीतून काळा धूर निघणार नाही.

काळा प्लग :
निघेल, आणि तो या सूत्रामुळेच निघेल. स्क्रू दोन जातींचे असतात. थ्रॉटलच्या, म्हणजे रेस दिली की उघडणाऱ्या, झडपेपलीकडे, इंजिनाच्या बाजूला असतो तो बहुधा पेट्रोलमिश्रित हवा सोडणारा. तो आवळला की पेट्रोल घटते. झडपेच्या अलीकडे, एअर फिल्टरच्या बाजूला असतो तो हवेचा स्क्रू. तो आवळला की हवा घटते आणि मिश्रण उलट रिच होते. तिथे तुमचे ‘कसला की निकस’ गाडीला नेमके उलट्या टोकाला नेईल. मी स्वतः सुरुवातीला या दोहोंत गफलत केली होती. स्क्रू पार बसेपर्यंत आवळत गेलो, प्रत्येक पाव फेऱ्यागणिक गाडी अधिकच गुदमरत होती, आणि मी प्लगला दोष देत होतो. म्हणून पुस्तिकेत आधी स्क्रू कुठे आहे ते पाहायला सांगा, शब्द नंतर.

शिवाय खरी खूण कानाला कळते. इंजिन पुरते तापू द्यावे, स्लोवर ठेवावे आणि स्क्रू अगदी हळू फिरवत इंजिनाचे फेरे सर्वांत जास्त होतात ती जागा शोधावी. व्हॅक्यूम गेज असेल तर काटाही तिथेच सर्वांत वर जातो. मग पेट्रोल कमी करण्याच्या दिशेने इतकेच फिरवावे, की फेरे किंचित उतरतील. हे काम उघड्यावर करावे. बंद जागेत इंजिन चालू ठेवणे जिवावर बेतते.

स्वरसाधक :
कानाचा विषय निघालाच आहे, तर ‘ट्यूनिंग’ला दुभाषा यांनी काय योजले आहे? ‘समायोजन’ असेल, तर तो कार्यालयीन शब्द आहे. तंबोरा आपण ‘लावतो’ किंवा ‘जुळवतो’. जुळवताना खुंटी पिळून तार किंचित चढवायची, ऐकायचे, किंचित उतरवायची. वरच्या वर्णनातही हीच क्रिया आहे.

व्याकरणप्रेमी :
‘जुळवणे’ उत्तम. ‘लावणे’ नको, कारण ‘गाडी लावली’ म्हणजे ती उभी करून मालक निघून गेला.

दुभाषा :
‘जुळवणे’ मी पहिल्याच वाक्यात योजला आहे, तेवढ्यापुरता तरी निश्चिंत आहे. मल्टीमीटरच्या प्रकरणात मात्र पुन्हा अडतो. एक्झॉस्टमध्ये साधा, स्वस्त ऑक्सिजन सेन्सर बसवून त्याचे व्होल्ट मोजायचे, अशी युक्ती तिथे आहे. सेन्सर चांगला तापला, की ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान आकडा येतो, ०.४५ च्या वर म्हणजे पेट्रोल जास्त, खाली म्हणजे कमी. बाजू कळते, पण किती जास्त किंवा किती कमी हे त्यावरून धड सांगता येत नाही. इथे ‘चढे’ आणि ‘उतरते’ मिश्रण म्हणावे काय? व्होल्ट चढले की पेट्रोल चढलेले असते.

नवी गाडी :
ज्यांच्या गाडीत कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारणारे इंजेक्शन आहे त्यांना फिरवायला स्क्रूच नाही. संगणक सेन्सरकडे पाहून पेट्रोल स्वतः कमी-जास्त करतो. या संगणकातली माहिती वाचणारा स्वस्तातला कोड रीडर लावला की ‘फ्यूएल ट्रिम’ टक्क्यांत दिसते. ते सतत अधिक १५ च्या पुढे राहिले, तर कुठून तरी न मोजलेली हवा शिरते आहे किंवा पेट्रोलच कमी पोहोचते आहे, असा संशय घ्यावा, आणि एखादा रबरी पाइप चिरला आहे का ते आधी पाहावे. पी०१७१ हा कोड ‘लीन’चा आणि पी०१७२ ‘रिच’चा. आता या ‘ट्रिम’ला मराठीत काय म्हणणार? आमच्याकडे केस ट्रिम करतात म्हणजे कापतात. इथे अधिक १५ म्हणजे पेट्रोल वाढवले आहे.

मूळधातू :
‘पुरवणी’ चालेल. पण उणे आकड्याला ‘उणे पुरवणी’ म्हणावे लागेल.

व्याकरणप्रेमी :
‘भर’ आणि ‘कपात’. अधिक असेल तर भर, उणे असेल तर कपात. इथे मला संस्कृताचा आग्रह नाही, हे कृपया नोंदवून घ्यावे.

काळा प्लग :
नोंदवले. मग ‘इंधनप्रचुर’चे काय?

व्याकरणप्रेमी :
तो आग्रह कायम आहे.

दुभाषा :
सध्या मी सगळीकडे ‘पेट्रोल जास्त’ आणि ‘पेट्रोल कमी’ असे दोन-दोन शब्द घातले आहेत. शब्दसूचीत ‘सकस’, ‘निकस’, ‘रिच’, ‘लीन’ ही चारही नावे दिली आहेत. आणि दोन्ही जातींच्या स्क्रूंची चित्रे काढायला घेतली आहेत. स्नेह्यांनी स्क्रू पूर्वीच्या जागी आणला, प्लग साफ केला, गाडी सुरू झाली. आता त्यांचा प्रश्न असा, की ‘पाव फेरा’ मोजायचा तो स्क्रूच्या खाचेवरून की मनगटावरून, कारण त्यांच्या मनगटाचा पाव फेरा स्क्रूच्या जवळजवळ अर्ध्या फेऱ्याएवढा भरतो.

काळा प्लग :
खाचेवरून. खाच आडवी होती ती उभी झाली, की पाव फेरा झाला.