गाडीत येणारा रस्त्याचा आवाज: काय केल्यावर किती कमी होतो?

टायर, दाराचं रबर, डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर मारणारी चिकट शीट), ज्याला जे नीट माहीत आहे ते इथे लिहा. मापं, क्रम, कुठे फसतं तेही. ‘भारी फरक पडला’ एवढंच नको.

चाकोरी
शीटवर पैसे घालण्याआधी टायर तपासा. नक्षीवरून तळहात एकदा सुलट, एकदा उलट फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसरीकडून करवतीसारखं लागलं, तर घोंघों तिथलीच. अलाइनमेंट करा, पण झिजलेली नक्षी त्याने सरळ होत नाही. टायर बदलेपर्यंत थोडा आवाज राहणारच. हवा टायर गार असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. 5 पीएसआय जास्त भरली की बारीक खडीही आत ऐकू येते. नायट्रोजनने आवाजात काही फरक पडत नाही.

चाकाच्या बेअरिंगची घरघर वळणावर कमीजास्त होते. उजवीकडे वळताना वाढली तर बहुधा डावं बेअरिंग, कारण भार तिकडे जातो.

खिडकीपाशी
दाराच्या फटीत दहाची नोट धरून दार लावा आणि नोट ओढा. अलगद निघाली तर तिथे रबर दबत नाही. असं चारही बाजूंनी करा. रबर नुसतं सुकलं असेल तर सिलिकॉन ग्रीस पुरतं. वरून जादा बिडिंग लावायची तर पोकळ, मऊ घ्या. जाड घेतली की दार आपटावं लागतं.

पत्रेठोक
दाराचं काम सविस्तर लिहितो. पॅनेल काढताना प्लास्टिकची पट्टी वापरा, स्क्रूड्रायव्हरने चरे पडतात. दोन-चार क्लिपा तुटतातच, जादा आणून ठेवा. आतला प्लास्टिकचा पडदा फाडू नका. पावसाचं पाणी तोच अडवतो.

बाहेरचा पत्रा आतून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. 2 मिमीची ब्युटाइल शीट (वरून फॉइल असलेली रबरी डॅम्पिंग शीट) लावून रोलर इतका दाबा की फॉइलवरची नक्षी सपाट होईल. हात ठेवून दाबलेली शीट उन्हाळ्यात सुटते. सगळा पत्रा झाकायची गरज नाही, मधल्या मोठ्या सपाट भागाचा 25 ते 30 टक्के पुरे. चौरस मीटरला सुमारे 3 किलो वजन वाढतं, हे धरून चला. स्वस्त डांबरी शीट नकोच: उन्हात वितळते, वास महिनोन्महिने जात नाही. आणि दाराच्या तळाची पाणी जायची भोकं बुजवलीत, तर पहिल्याच पावसाळ्यात दारात डबकं.

डांबरी
वरच्याशी सहमत, पण शीट फक्त पत्र्याची थरथर मारते. हवेतून येणारा आवाज अडवायला वजनदार विनाइल लागतं, चौरस मीटरला 5 किलोच्या आसपास, खाली 6 मिमी बंद छिद्रांचा फोम. उघड्या छिद्रांचा स्पंज पाणी धरतो, मग गंज. विनाइलचे जोड टेपने बंद करा, फटी राहिल्या तर निम्मी मेहनत वाया.

गाडीच्या तळावर हे अंथरायला सीट काढताना आधी बॅटरी सोडवा, काही मिनिटं थांबा. सीटखालचा पिवळा कनेक्टर एअरबॅगचा असतो.

आवाजाची मोजणी एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने, एसी बंद ठेवून करा. आधी काँक्रीटवर आणि नंतर डांबरावर मोजलं तर शीट न लावताही आकडा उतरेल.

चाकोरी
एक राहिलं. रस्त्याच्या किंवा पुलाच्या सांध्यावरून जाताना येणारा ‘टंग’ आवाज टायरमधल्या हवेचा, साधारण 200 हर्ट्झचा. त्याला दाराची शीट उपयोगी नाही. आतून फोम चिकटवलेले टायर मिळतात, ते बघा. मात्र पंक्चर काढताना फोम कापावा लागतो, हे दुकानदाराला आधीच सांगा.